मानधनाचे माप : जुन्नर व आंबेगाव

वतनदारीच्या काळात पाटलाचा मोबदला गावातच निर्माण होई. इनाम जमीन, हक्क आणि मानपान यांनी तो घडलेला असे. ही व्यवस्था वंशपरंपरेच्या दोषाने ग्रस्त होती. मुलकी पाटीलपद रद्द करणारा १९६२ चा कायदा म्हणूनच योग्य ठरला. तथापि गावकारभार पाहणाऱ्याचा निर्वाह कशावर व्हावा, या प्रश्नाचे काहीएक उत्तर त्या व्यवस्थेपाशी होते. आजच्या व्यवस्थेपाशी ते आहे काय?

सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सरपंचांचे मानधन दुप्पट केले. २,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावास दरमहा ६,००० रुपये, ८,००० पर्यंत ८,०००, त्यापुढे १०,००० रुपये. माप एकच : डोकी. ते मोजण्यास सोपे आणि वशिल्यास वाव न देणारे आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु नारायणगाव वा ओतूर यांसारख्या बाजारगावाची वस्ती एकवटलेली, रस्त्यालगतची. घाटमाथ्याजवळच्या आहुपे वा घाटघर येथील माणसे थोडी आणि पांगलेली. शिवाय या पश्चिम पट्ट्यातील अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेचे काम वाढविले आहे. जेथे पायपीट अधिक, तेथे मोबदला किमान, असा हा उफराटा न्याय होय.

विधिमंडळाची गोष्ट निराळी. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९५ अन्वये सदस्यांचे वेतन विधिमंडळच कायद्याने ठरविते. २०१६ मध्ये आमदारांचे वेतन प्रधान सचिवांच्या वेतनाशी जोडले गेले. या जोडणीला आक्षेप नाही. पदाची जबाबदारी हे माप तिच्यामागे निदान दिसते तरी. आक्षेप आहे तो हे माप सभागृहाच्या दारातच थांबले, याला.

‘मानधन’ हा शब्दही तपासून पाहावा. पद हे उपजीविकेचे साधन नव्हे आणि पदधारकाचे पोट अन्यत्र भरते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. ब्रिटनमध्ये कॉमन्स सभागृहाच्या सदस्यांना १९११ मध्ये वार्षिक ४०० पौंड वेतन सुरू झाले, ते नेमके हे गृहीत श्रमिक प्रतिनिधींच्या बाबतीत टिकेना म्हणून. आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात भातशेती आणि हिरडा यांवर घर चालते. हिरड्याच्या हंगामात तेथील सरपंच घोडेगावच्या तहसील कचेरीत दिवस घालवितो, तेव्हा त्याचा वा तिचा तो दिवस बुडतो. त्या दिवसाचे मानधन, महिना ३० दिवसांचा धरल्यास, २०० रुपये पडते.