‘पिरानेसी’ : वाचकांचे अभिप्राय आणि गूढतेचे स्वरूप

सुझॅना क्लार्क या इंग्रज लेखिकेची ‘पिरानेसी’ ही कादंबरी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. अद्भुत आणि रहस्य ही दोन्ही अंगे तिच्यात एकत्र नांदतात. मात्र तिच्याविषयी वाचकांनी व्यक्त केलेले अभिप्राय परस्परांना छेद देणारे आहेत. काहींना तिच्यातील रहस्य फार लवकर कळते म्हणून ती निराश करते. काहींच्या मनातून ती रहस्य उलगडल्यावरही जात नाही. एकाच कृतीचे असे दोन प्रत्यय का यावेत, याचा विचार केल्यास गूढतेच्या स्वरूपावरच प्रकाश पडतो.

अंतहीन दालनांचे एक घर, त्याच्या खालच्या मजल्यांत समुद्र, वरच्या मजल्यांत मेघ आणि सर्वत्र असंख्य पुतळे : हेच निवेदकाचे विश्व. त्याच्या हिशेबाने जगात आजवर पंधराच माणसे झाली. त्यांपैकी तेरा अस्थिरूपाने उरली आहेत. आठवड्यातून दोनदा भेटणारा ‘दुसरा’ त्याला पिरानेसी म्हणतो. काल्पनिक कारागृहांची चित्रमालिका कोरणाऱ्या जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८) या इटालियन कलावंताचे हे नाव. निवेदकाला हा संदर्भ ठाऊक नाही. जाणत्या वाचकाला मात्र घर हे कारागृह असल्याची शंका प्रारंभीच येते. ‘दुसऱ्या’च्या हातातील चकाकते उपकरण आणि दैनंदिन्यांचे बदललेले क्रमांक ही शंका दृढ करतात.

तेव्हा रहस्य लवकर कळते, हे निरीक्षण खरे आहे. तो दोष आहे, हा निष्कर्ष मात्र खरा नाही. वाचक निवेदकाच्या पुढे गेला की ‘काय घडले?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘हे कळल्यावर या निष्पाप माणसाचे काय होईल?’ ही चिंता त्याची जागा घेते. उत्कंठेचे करुणेत होणारे हे रूपांतर हीच या कादंबरीची खरी गती होय.

अनेकांनी ही कादंबरी २०२० च्या टाळेबंदीचे रूपक म्हणून वाचली, तर काहींनी लेखिकेच्या दीर्घ आजाराशी तिचे नाते जोडले. पहिले वाचन कालदृष्ट्या टिकत नाही, कारण कादंबरीची घोषणा २०१९ मध्येच झाली होती. दुसरे अधिक सयुक्तिक असले तरी अपुरे आहे. निवेदकाला घर बंदिवास वाटत नाही. ते त्याला सुंदर आणि दयाळू वाटते. केवळ कोंडमाऱ्याचे रूपक पाहणारा वाचक या कृतज्ञतेला पारखा होतो.

कूट आणि गूढ यांतील भेद येथे उपयोगी पडतो. कूट उत्तर मिळताच संपते. गूढ उत्तरानंतरही शिल्लक राहते. अखेरीस निवेदकाला आपले मूळ नाव कळते, पण तो पूर्वीचा माणूस होत नाही आणि पिरानेसीही राहत नाही. मुक्ती आणि वियोग त्याच्या वाट्याला एकदमच येतात; त्यांचा मेळ कोणताही खुलासा घालू शकत नाही.

असंतुष्ट वाचकांच्या आक्षेपात तथ्यांश नाही असे मात्र नव्हे. जुन्या नोंदींतून गतवृत्तांत सांगणारे भाग केवळ माहितीपर वाटतात, आणि ‘दुसरा’ हा खलपुरुष म्हणून एकपदरी उतरला आहे. जेथे कादंबरी कूट सोडवू लागते, तेथे ती सामान्य होते. जेथे ती गूढाशी थांबते, तेथे तिचे सामर्थ्य प्रकट होते. वाचकांच्या विरोधी अभिप्रायांचे मूळ या द्वंद्वात आहे, आणि म्हणूनच ते दोन्ही समीक्षेने गंभीरपणे विचारात घेतले पाहिजेत.