शिबंदीतला माणूस

कर्नाळा किल्ल्यावर मराठीत जे लेखन होते ते बहुधा सुळक्याच्या वर्णनापाशी थांबते. वरच्या दरवाजावरील फारसी लेखात सय्यद नुरुद्दीन मुहम्मद खान हे नाव आणि हिजरी ११४६ (इ.स. १७३३-३४) हे साल आहे. त्याचा उल्लेख झालाच तर एका ओळीत. किल्ल्यावरच्या शिबंदीला पगार कोण देई, किल्ला हातचा गेल्यावर ती माणसे कुठे गेली, हे प्रश्न आमच्या लेखकांना पडत नाहीत. आमच्या उर्दू शाळेतली मुले मात्र नेमके हेच विचारतात!

शिपायाचे बदलते स्थान पाहायला हाच परिसर पुरेसा आहे. वासुदेव बळवंत फडके (१८४५-१८८३) जवळच्या शिरढोणचे. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला आणि नातू पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाला. १८७९ च्या बंडात फडक्यांनी रामोशी जमवले, इस्माईल खानाच्या रोहिल्यांशी बोलणी केली. त्यांना पकडताना मेजर डॅनियलबरोबर निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक होता. म्हणजे मुसलमान दोन्हीकडे होते. रोहिले पैशाच्या बोलीवर, अब्दुल हक सरकारी चाकरीत. फडक्यांचे दरोडेही सैन्याच्या खर्चासाठीच होते. पण त्यांच्यावरच्या गौरवपर लेखनात हा रोजमुऱ्याचा हिशेब मागे पडतो आणि उरतो तो फक्त त्वेष.

आम्ही मुस्लिम लेखक तरी काय वेगळे करतो? ब्रिगेडियर उस्मान (१९४८) आणि अब्दुल हमीद (१९६५) आमच्या लेखांत येतात ते निष्ठेचा दाखला म्हणून. कोणी मागायच्या आधीच दाखला पुढे करण्याची ही सवय आम्हांला खटकते. त्यात माणूस हरवतो. हमीद गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचा, शिंपीकाम करणाऱ्या घरातला मुलगा. शिलाईयंत्र सोडून तो पलटणीत का गेला, घरी मनीऑर्डर जाऊ लागल्यावर काय बदलले, यावर एखादा परिच्छेदही सापडणे कठीण.

याउलट महाडजवळच्या गोपाळबाबा वलंगकरांकडे पाहावे. लष्करातून निवृत्त होऊन ते दापोलीत राहिले आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. या लेखणीमागे पलटणीतले शिक्षण होते, पेन्शन होती. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा त्यांनी सरकारकडे अर्ज तयार केला. त्यात पराक्रमाची आठवण आहे, पण मागणी आहे ती भाकरीची आणि इभ्रतीची. शिपायाचा दर्जा कशात असतो हे आम्हांला या अर्जातून कळते, तेवढे पोवाड्यांतून कळत नाही.

२०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत नोकरी चार वर्षांची ठरली. त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम व्हायचे, बाकीच्यांना एकरकमी सेवानिधी, पेन्शन नाही. हा जवान वलंगकरांपेक्षा कर्नाळ्याच्या शिबंदीला जवळचा वाटतो. पंचविशीच्या आत घरी परतलेला, गावात ‘फौजी’ म्हणवला जाणारा आणि पुन्हा नोकरीचे अर्ज भरणारा असा तरुण मराठी कथेत आम्हांला अजून भेटलेला नाही. तो आमच्या मोहल्ल्यातला असो की शेजारच्या वाडीतला, त्याच्यावर लिहिणाऱ्याने आधी त्याचे पासबुक पाहावे.