कोपराकडे जाणाऱ्या वाटा

दंडाचं हाड खालच्या टोकाला, ऐन सांध्यात फुटलं, की प्लेट कुठली लावायची हा पुढचा प्रश्न. आधी तिथवर जायचं कसं? मागे ट्रायसेप्सचा जाड पडदा. आतल्या अंगाला हाडाच्या खोबणीत अल्नर नर्व्ह. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत मुंग्या आणणारी ती हीच. पुढे हाताची मुख्य धमनी. अस्थिशल्यचिकित्सेत मला सगळ्यात देखणी वाटते ती ही वाट काढण्याची कला. तिची खरी परीक्षा परतताना होते, कारण जे उघडलं ते जसंच्या तसं मिटवता आलं पाहिजे.

यातली सर्वांत धाडसी रचना म्हणजे ऑलेक्रेनॉन ऑस्टिओटॉमी. तुटलेलं हाड दिसावं म्हणून शेजारचं धडधाकट हाड कापायचं! आपण टेबलावर टेकवतो ते कोपराचं टोक, म्हणजे हाताच्या अल्ना या हाडाचं वरचं टोक, हे ऑलेक्रेनॉन, आणि ट्रायसेप्स त्यालाच घट्ट चिकटलेला असतो. ते टोक कापून स्नायूसकट वर उलटलं की सांधा उघडा पडतो. मॅकऑसलंड यांनी १९१५ मध्ये आखडलेल्या कोपरासाठी ही वाट वापरली. कॅसबॉम यांनी १९५२ मध्ये ती फ्रॅक्चरसाठी मांडली.

तिचे बारकावे पाहण्यासारखे आहेत. आधी अल्नर नर्व्ह शोधून, सोडवून तिच्याभोवती मऊ टेप घालतात. टेपला चिमटा लटकवायचा नाही. तेवढ्या ओढीनंही नस दुखावते. स्क्रूचं भोक हाड कापण्याआधीच पाडून ठेवतात, म्हणजे परत बसवताना अंदाजपंचे काम उरत नाही. मग इंग्रजी व्ही अक्षरासारखा काप, टोक मनगटाकडे, आणि नेमका तिथे, जिथे अल्नाच्या खोबणीत कूर्चा मुळातच नसल्यासारखी असते. करवत मात्र शेवटपर्यंत चालवायची नाही. उरलेलं थोडं हाड छिन्नीनं तडकवायचं. इथे मी दर वेळी थबकतो. करवत पात्याच्या जाडीइतकं हाड खाते. सांध्यालगत तेवढंही गेलं, तर जोडताना खोबणीची गोलाई आवळली जाते. तडकलेल्या कडा खडबडीत राहतात आणि फुटलेल्या कपाच्या कानासारख्या एकमेकींत अचूक बसतात.

इतकं करून दिसतं किती? विल्किन्सन आणि स्टॅनली यांनी मृतदेहांच्या कोपरांवर मोजून २००१ मध्ये आकडे दिले. ट्रायसेप्स मधोमध चिरला तर दंडाच्या हाडाचा सांध्यातला ३५ टक्के पृष्ठभाग दिसतो, तो सोलून बाजूला केला तर ४६, ऑलेक्रेनॉन कापलं तर ५७. उरलेला पुढचा भाग नजरेआडच राहतो.

अगदी वेगळ्या स्वभावाची वाट कोखर यांची, बाहेरच्या अंगानं जाणारी. थिओडोर कोखर बर्नचे सर्जन; थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ चं नोबेल त्यांना मिळालं. अल्नाशेजारच्या रेडियस या हाडाचं गोल डोकं फुटलं की सर्जन या वाटेनं जातात. अँकोनियस आणि एक्स्टेन्सर कार्पी अल्नारिस या स्नायूंच्या मधली चरबीची बारीक रेघ हेरायची आणि दोघांना अलग करायचं. स्नायू कापावा लागत नाही, आणि दोघांच्या नसा वेगळ्या असल्यानं कुणीच लुळा पडत नाही. सहायक रुग्णाचा तळवा जमिनीकडे फिरवून धरतो. एवढ्या हालचालीनं बोटं उचलणारी नस चाकूपासून दूर सरकते. केवढा साधा, केवढा सुंदर उपाय! पुढे सांध्याभोवतीचं आवरण, म्हणजे कॅप्सूल, उघडायची ती रेडियसच्या डोक्याच्या मध्यरेषेपुढेच. मागे गेलं तर बाहेरचा अस्थिबंध कापला जातो. मग हाडं जुळतात, एक्सरे छान दिसतो, आणि रुग्ण खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागला की कोपर निसटतं.

ऑस्टिओटॉमीची किंमतही मोजावी लागते. मुद्दाम केलेला काप कधीकधी जुळत नाही, तो जोडायला घातलेल्या तारा कातडीखाली टोचतात, त्या काढायला पुन्हा भूल द्यावी लागते. म्हणून अलोन्सो-ल्यामेस यांनी १९७२ मध्ये लहान मुलांच्या फ्रॅक्चरसाठी मांडलेली वाट मला फार मोलाची वाटते. ट्रायसेप्स जागचा हलवायचाच नाही, त्याच्या दोन्ही कडांनी आत शिरायचं. दिसतं कमी, हे खरं. पण सत्तरीतल्या आजींच्या ठिसूळ हाडाचा चुरा झाला असेल, तर प्लेट लावायची की कृत्रिम सांधा बसवायचा हे कधीकधी आत पाहिल्यावरच ठरतं. कृत्रिम सांध्याचा खालचा दांडा अल्नात बसतो, त्याला ऑलेक्रेनॉन शाबूत लागतं. या वाटेनं गेलेल्या सर्जनच्या हाती तेव्हाही दोन्ही पर्याय असतात. आणि तुकडे दिसेनातच, तर तिथूनच पुढे ऑस्टिओटॉमीही करता येते.