व्यक्तिचित्र आणि प्रतिष्ठा : बडोद्याच्या दरबारी चित्रांचे पुनर्वाचन

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील तैलरंगी व्यक्तिचित्रांची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने हुबेहूबपणा आणि रंगकौशल्य या दोन निकषांवर होते. चित्र कोणी व कशासाठी करवून घेतले, हा प्रश्न मागे पडतो. राजा रविवर्मा यांच्या बडोद्यातील चित्रांच्या आधारे तो येथे मांडावयाचा आहे.

विवेचन :
सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. मल्हारराव पदच्युत झाल्यावर १८७५ मध्ये ते बडोद्याच्या गादीवर दत्तक आले. डिसेंबर १८८१ मध्ये त्यांच्या हाती राज्याचे पूर्ण अधिकार आले. याच सुमारास रविवर्मा बडोद्यास आले. त्यांनी रंगविलेल्या तरुण महाराजांच्या चित्रात रत्नालंकार व राजवस्त्रे चेहऱ्याइतक्याच निगुतीने उतरली आहेत. हा केवळ अलंकरणाचा सोस नव्हे. जन्माने न लाभलेले राजपद पाहणाऱ्यास पटवून देणे, हे त्या चित्राचे कार्य होते.

हे केवळ संस्थानी वृत्तीचे लक्षण मानता येत नाही. अमेरिकेत राजे नव्हते. तरीही तेथील धनिकांना अशाच साक्षीची गरज भासली. जॉन सिंगर सार्जंट यांनी १८८८ मध्ये बॉस्टन येथे इझाबेला स्टुअर्ट गार्डनर या व्यापारी घराण्यातील स्त्रीचे चित्र रंगविले. पोशाख साधा, काळा. परंतु कमरेभोवती मोत्यांचे सर आणि मस्तकामागे प्रभावळीसारखी नक्षी. मुकुटाचे काम येथे पार्श्वभूमीने केले आहे.

याउलट गोव्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घडलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०-१९३५) यांनी पत्नी व कन्या यांना चित्रविषय केले. तेथे सिद्ध करावयाची प्रतिष्ठा नव्हती. म्हणून चित्रकाराची दृष्टी व्यक्तीच्या मुद्रेवर व विसाव्यावर स्थिरावू शकली.

निष्कर्ष :
आश्रयदात्यासाठी काढलेले चित्र त्यामुळे कमअस्सल ठरत नाही. मात्र त्यातील दागिना हा तपशील नसून विधान आहे, हे समीक्षेने ओळखावयास हवे. अन्यथा रविवर्मांच्या कौशल्याचे कौतुक होईल. परंतु कवळाण्याच्या मुलाला महाराज म्हणून उभे करताना त्या कौशल्याने काय साधले, हे अनुत्तरित राहील.