जात्याची घरघर आणि ओवीचा प्रांजळपणा : ध्वनिमुद्रित स्त्रीगीतांच्या आस्वादाविषयी काही विचार

अमेरिकन गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीन याने जानेवारी १९८२ मध्ये आपल्या घरातच एका साध्या कॅसेट-मुद्रकावर काही गाणी गाऊन ठेवली. साथीच्या वादकांना गाणी समजावीत, एवढाच त्यामागे हेतू होता. पुढे स्टुडिओत वाद्यवृंदासह ती करून पाहिली, तेव्हा कच्च्या कॅसेटमधले काहीतरी हरवते आहे असे लक्षात आले आणि अखेर तीच कॅसेट 'नेब्रास्का' या नावाने त्या वर्षी प्रकाशित झाली. पाव शतकानंतर जस्टिन व्हर्नन याने विस्कॉन्सिनच्या रानातील एका झोपडीत हिवाळाभर एकट्याने राहून केलेल्या गाण्यांचीही अशीच वाखाणणी झाली. ध्वनीच्या शुद्धतेचा आग्रह न धरणाऱ्या अशा गाण्यांना 'लो-फाय' म्हणतात. त्यांच्याविषयी बोलताना रसिक एकच विशेषण पुन्हा पुन्हा वापरतात : प्रामाणिक. फितीची खरखर, मध्येच घेतलेला श्वास, किंचित ढळलेला सूर हे सारे या प्रामाणिकपणाचे पुरावे मानले जातात.

ही मान्यता तपासून पाहण्यासाठी मराठीत फार मोठे साधन उपलब्ध आहे आणि आपल्या विद्यापीठीय समीक्षेने त्याचा पुरेसा उपयोग केलेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे साधन म्हणजे ध्वनिमुद्रित जात्यावरच्या ओव्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेचे काम करता करता या ओव्या जमवण्यास आरंभ केला. पुढे हे संकलन महाराष्ट्रभर पसरले, एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या आणि १९९०च्या दशकात बर्नार बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रण व संगणकीय नोंदणी यांची जोड मिळून सुमारे १२० तासांचा ध्वनिसंग्रह सिद्ध झाला. पॉइतवँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने हा संग्रह क्रमाक्रमाने सर्वांसाठी खुला केला.

ओव्यांचे संकलन आपल्याला नवे नाही. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' आहे, डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे केलेले प्रचंड कार्य आहे, डॉ. तारा भवाळकर यांचे मर्मग्राही विवेचन आहे. तथापि हा सारा व्यवहार मुख्यतः छापील शब्दांचा होता. छापील ओवी कविता म्हणून वाचली जाते. मुद्रित ओवी ऐकताना तिचे श्रमाशी असलेले नाते प्रथम कानावर पडते. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ओवीचा हा सर्वांत जुना उल्लेखसुद्धा तिला कामापासून वेगळे करीत नाही. आपण मात्र अभ्यासक्रमात ती 'लोकगीतांचा एक प्रकार' म्हणून चार ओळींत उरकतो.

कोल्हापूरच्या श्रोत्याला या ध्वनिफिती सहजासहजी रुचत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँ येथे राहिले आणि त्यांच्या गायकीने या नगरीच्या कानाला एक विशिष्ट वळण लावले. सुराचा लगाव, दमसास, तानेची पेचदार गुंफण ही आपली परिमाणे. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा स्वर १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानातून अंतराळात गेला, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. या परिमाणांनी ओवी मोजली तर ती तोकडीच ठरणार. सुरांचा आवाका तीन-चार स्वरांचा, चाल तीच तीच, आवाज बहुधा थकलेला. मग ती आपल्याला धरून का ठेवते?

त्याचे सोपे उत्तर 'तिच्या कच्चेपणामुळे' असे दिले जाते आणि तेच प्रस्तुत लेखकास अमान्य आहे. जात्याची घरघर ही फितीवरील खरखरीसारखी नाही. खरखर हा यंत्राचा दोष असतो. घरघर हा त्या गाण्याचा ताल आहे. समोरासमोर बसलेल्या दोघी एकाच खुंट्याला हात घालतात. वर्तुळाचा अर्धा भाग एकीच्या ओढण्याचा, अर्धा दुसरीच्या. ओढताना स्वर दाबला जातो, हात सैल होताना तो सुटतो. मूठभर धान्य घालण्यासाठी हात उचलला की ओळीच्या मध्येच एक लहानसा खंड पडतो. एकीने ओळ टाकावी, दुसरीने ती उचलून पुन्हा म्हणावी. तेवढ्या अवकाशात पहिलीला पुढची ओळ आठवायची असते किंवा जुळवायची असते. संगीताच्या परिभाषेत ज्याला आपण लय, विराम, पुनरावृत्ती म्हणतो ते सारे येथे दगडाच्या वजनाने ठरते. ही घरघर 'स्वच्छ' करून टाकली तर उरलेला आवाज अधिक शुद्ध होईल, पण तो बेताल वाटेल.

उलट उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचे. त्या १९५१ मध्ये निवर्तल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. अनंत माने यांच्या 'मानिनी' (१९६१) या चित्रपटात वसंत पवार यांनी त्यांतील काही गाण्यांना दिलेल्या चाली आजही घरोघर माहीत आहेत. त्या चाली सुंदर आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु दळता-कांडताना, शेतात राबताना ज्या स्त्रीला ही गाणी सुचली तिचा स्वर आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही. आपण ऐकतो ते स्टुडिओतील वाद्यमेळाच्या साथीने गायिलेले गीत. बहिणाबाईंच्या शब्दांतला प्रांजळपणा त्यातूनही टिकला, यावरून तो केवळ ध्वनीच्या ओबडधोबडपणात नव्हता एवढे तरी सिद्ध होते.

मग तो कशात आहे? मराठी समीक्षेत मर्ढेकरांपासून 'आत्मनिष्ठा' ही संज्ञा रूढ आहे. लेखकाने स्वतःच्या अनुभवाशी इमान राखावे, उसना अनुभव वा उसनी भाषा वापरू नये, असा तिचा स्थूल आशय आपण वर्गात सांगतो. 'लो-फाय' गाण्याचे चाहतेही नकळत हीच कसोटी लावतात : एकटा माणूस, त्याचे स्वतःचे दुःख, स्वतःचे शब्द. ओवीला ही कसोटी लागूच पडत नाही. ओवीतले शब्द गाणारीचे नसतात. भावाची वाट पाहणे, सासुरवास, लेकीची पाठवणी, पंढरीची वाट या विषयांवरील ठरीव ओळी या खोऱ्यातून त्या खोऱ्यात जवळजवळ जशाच्या तशा सापडतात. लाखभर ओव्यांचे आशयानुसार वर्गीकरण करता आले ते या समानतेमुळेच. उसन्या शब्दांत सांगितलेली वेदना खरी कशी?

माझ्या मते ओवीचा खरेपणा निवडीत आणि नाव घालण्यात आहे. शेकडो ओळी येत असताना त्या पहाटे तिने कोणती ओळ काढली, सीतेच्या वनवासाची की माहेरच्या वाटेची, हा तिचा निर्णय असतो. ठरीव ओळीत रिकामी जागा असते. तिथे ती आपल्या भावाचे, आपल्या गावाचे नाव बसवते. ताडकळस (जि. परभणी) येथील गंगूबाई अंभोरे यांनी गायिलेल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या ऐकाव्यात. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. तरीही स्वर असा लागतो, की सीतेविषयी बोलणे हे गाणारीला स्वतःविषयी बोलण्याचे एकमेव परवानगी असलेले साधन होते, असे वाटत राहते. माजलगाव (जि. बीड) परिसरातील दलित वस्तीतील स्त्रियांच्या ओव्या आणखी पुढे जातात. जिथे परंपरेने देवाचे नाव होते तिथे त्या डॉ. आंबेडकरांचे नाव घालतात. साचा तोच, चाल तीच, आणि एका नावाच्या बदलाने सगळी निष्ठा फिरलेली. आत्मनिष्ठेची चर्चा करणाऱ्या आपल्या ग्रंथांत हे उदाहरण यायला हवे होते.

आणखी एक भेद नजरेआड करता येत नाही. स्प्रिंगस्टीनने एकांत मिळवला, व्हर्ननने तो शोधला. दळणारणीवर तो लादलेला होता. घर झोपलेले असताना उठणे हा तिचा छंद नव्हता. जनाबाईला दळू लागायला विठ्ठल येतो या कल्पनेत भक्ती आहे तशीच, मदतीला दुसरे कोणी येत नाही ही नोंदही आहे. म्हणून या गाण्याच्या साधेपणावर लुब्ध होताना आपण कष्टावर तर लुब्ध होत नाही ना, ही शंका रसिकाने स्वतःला विचारलेली बरी. पिठाची गिरणी आली आणि बायकांनी जाते विनातक्रार कोपऱ्यात सारले. हळद दळण्यापुरते ते लग्नघरात उरले. कित्येक ध्वनिफितींमधील गाणे तर अभ्यासक समोर आल्यावर, आठवून, म्हटलेले आहे. ऐकणारा कोणी नसताना गाण्याची जी सवय, तिच्यात आता मुद्रक हा तिसरा श्रोता आलेला आहे. काही फितींत गाणाऱ्या दोघी मध्येच थांबून हसतात, ओळीवरून हुज्जत घालतात. संकलकांनी तो भाग कापला नाही, हे त्यांचे मोठेच उपकार.

पदव्युत्तर वर्गात या ध्वनिफिती ऐकवल्यावर कागल भागातील एका विद्यार्थिनीने घरी जाऊन आजीला ओवी म्हणण्याचा आग्रह केला. आजीला एकही ओळ आठवेना. मुलीने लग्नासाठी जपून ठेवलेले जाते ओढून आणले आणि खुंटा तिच्या हाती दिला. जाते रिकामेच होते, तरी दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला आजी गाऊ लागली. मुलीने ते मोबाइलवर मुद्रित करून आणले होते. शब्द निम्मेच कळतात, कारण रिकाम्या जात्याचा आवाज भरल्या जात्याहून फार मोठा असतो.