तिथि कीं तारीख?

शिवजयंती आतां महाराष्ट्रांत वर्षांतून दोनदां येते, आणि दोन्ही वेळां भांडत येते. जुन्या मतानें महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध 2, शके 1549 चा. लोकमान्यांनीं 1916 सालीं जेधे शकावली प्रसिद्ध केली, तींतून फाल्गुन वद्य 3, शके 1551 ही तिथि पुढें आली. हा वाद विद्वानांचा होता व त्यांत पुरावा लागत असे. 2001 सालीं शासनानें 19 फेब्रुवारी मुक्रर केली आणि प्रश्न पक्षांच्या हातीं गेला. तिथिवाले तारीखवाल्यांस परकीय कालगणनेचे म्हणतात, तारीखवाले त्यांस सनातनी ठरवितात. गंमत अशी कीं, तो शुक्रवार 19 फेब्रुवारीचा ठरतो तो जूलियन गणनेनें. आपल्या भिंतीवरील ग्रेगरी दिनदर्शिकेप्रमाणें तेथें 1 मार्च येतो. शास्त्राचा अभिमान वाहणाऱ्यांनीं निदान एवढें तरी पाहावयाचें होतें!

सणास नवें वळण देण्याची दुसरी एक रीत पुण्यांतच आहे. ज्या हिंगण्याच्या परिसरास आज कर्वेनगर म्हणतात, तेथील अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेनें भाऊबीजेचें नांव बदललें नाहीं, तिथिही बदलली नाहीं. तिचे सेवक घरोघर जाऊन भाऊबीज मागूं लागले, आणि सख्ख्या बहिणीच्या तबकांतील ओवाळणी परक्या मुलीच्या शिक्षणास पोहोंचली. कोणाचाहि सण त्यामुळें हिरावला गेला नाहीं.

शिवजयंतीच्या कोणत्या मिरवणुकीच्या वर्गणींतून किल्ल्याची एक ढांसळलेली पायरी पुन्हां बसली, हें दोन्ही पक्षांनीं आम्हांस कळवावें. आम्ही तें आनंदानें छापूं.