चालकाविना गाडी, गुन्हेगाराविना गुन्हा

खानदेशातल्या उर्दू वाचणाऱ्या घरांना जासूसी साहित्य परके नाही. इब्ने सफींचे फरीदी आणि हमीद १९५२ साली अवतरले, इमरान १९५५ साली आला, आणि पुढची दोन-तीन दशके भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून हे सगळे घरोघर फिरत राहिले. इमरान ज्या 'झिरोलँड'शी झुंजत असे, ती विज्ञानाच्या जोरावर जगावर हुकूमत गाजवू पाहणारी गुप्त सत्ता होती. म्हणजे गुन्हेकथा आणि विज्ञानकथा यांचा निकाह आमच्या वाचनात फार पूर्वीच लागला आहे. मराठीत डॉ. जयंत नारळीकरांनी 'वामन परत न आला'मध्ये यंत्रमानवाच्या बुद्धीचा आणि त्यातून येणाऱ्या धोक्याचा विचार मांडला. दूरदर्शनवर १९९८ साली केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' आली. अवकाशातल्या तुरुंगातून निसटलेल्या बारा अट्टल गुन्हेगारांच्या मागे मिलिंद सोमण धावत होते.

या परंपरेत २०२१च्या मार्च महिन्यात तेव्हाच्या डिस्ने प्लस हॉटस्टारवर आलेली 'ओके कॉम्प्युटर' ही सहा भागांची हिंदी मालिका वेगळी उठून दिसते. पूजा शेट्टी आणि नील पागेदार यांचे दिग्दर्शन, निर्मितीमागे 'शिप ऑफ थीसियस'वाले आनंद गांधी. काळ २०३१चा, स्थळ आपल्या शेजारचे गोवे. चालक नसलेली एक टॅक्सी एका पादचाऱ्याला चिरडते. टॅक्सी आपणहून चुकली, की कोणी तिच्याकडून हे करवून घेतले? तपास साजन कुंडू (विजय वर्मा) या अधिकाऱ्याकडे येतो. त्याला यंत्रांचा मनापासून तिटकारा. त्याच्या जोडीला लक्ष्मी सुरी (राधिका आपटे). यंत्रमानवांनाही हक्क असावेत म्हणून झगडणारी. संशयाची सुई कधी 'अजीब' नावाच्या यंत्रमानवाकडे, तर कधी तंत्रज्ञानाचा त्याग करून रानात राहणाऱ्या पुष्पक शकूरच्या (जॅकी श्रॉफ) पंथाकडे वळते.

मालिकेचे गुण आधी सांगितले पाहिजेत. विज्ञानकथा म्हटली की आपल्याकडे चकचकीत पोशाख आणि परदेशी नकला यांचाच भरणा असतो. इथे तसे नाही. इथले भविष्य आपल्यासारखेच गबाळे आहे. यंत्रे आली, पण सरकारी खाक्या गेला नाही. 'अजीब' हा यंत्रमानव भीतीदायक नसून केविलवाणा वाटतो. साजन आणि लक्ष्मी यांच्या वादात दोन्ही बाजूंना वजन आहे, कुणा एकाला मूर्ख ठरवून दुसऱ्याला जिंकवलेले नाही. तपास आणि तत्त्वचर्चा हातात हात घालून चालवण्याचे असे धाडस हिंदी मालिकांत क्वचितच होते.

तरीही आमची तक्रार आहे, आणि ती किरकोळ नाही. यंत्राला मन असते का, यंत्र गुन्हा करू शकते का, या प्रश्नांत मालिका इतकी रमते की रस्त्यावर मेलेला माणूस हळूहळू बाजूला पडतो. विनोद एकावर एक इतके येतात की मृत्यूचे गांभीर्य टिकत नाही. खानदेशातल्या वाचकाला हे खटकल्याशिवाय राहणार नाही. जळगाव शहराच्या पोटातून महामार्ग जातो. समांतर रस्त्यांसाठी इथे वर्षानुवर्षे आंदोलने झाली. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत 'अज्ञात वाहनाच्या धडकेत' हे शब्द इतके ठरलेले आहेत की वाचणारा त्यांच्यावर थांबतही नाही. मालिकेतल्या गोव्यात वाहन सापडते, पण चालक अस्तित्वातच नाही. आमच्याकडे चालक असतो, पण वाहनासह बेपत्ता होतो. मरणाऱ्याच्या घरच्यांना या दोहोंत फरक काय? उत्तर द्यायला समोर कोणी नाही, एवढेच त्यांना कळते.

म्हणून यंत्राला नियत असते का, यापेक्षा जबाबदार कोण, हा प्रश्न मोठा आहे. आणि हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. आपल्या फिक्हमध्ये खुनाचे प्रकार नियतीवरून वेगळे केले आहेत. जाणूनबुजून केलेला खून आणि चुकून झालेला, म्हणजे कत्ल-ए-खता, यांचे हुकूम वेगळे. पण नियत नाही म्हणून जबाबदारीही नाही, असे मात्र फकीह म्हणत नाहीत. चुकून झालेल्या मृत्यूतही वारसांना दियत द्यावीच लागते. मदरशांतून आजही शिकवल्या जाणाऱ्या 'हिदाया' या बाराव्या शतकातल्या हनफी ग्रंथात कललेल्या भिंतीची चर्चा आहे. भिंत रस्त्याकडे झुकली आहे, लोकांनी साक्षीदारांसमोर मालकाला ती पाडायला सांगितले, त्याला सवड मिळूनही त्याने पाडली नाही आणि ती कोणाच्या अंगावर कोसळली, तर भरपाईची जबाबदारी मालकाच्या बाजूने येते. रहदारीच्या रस्त्यात विहीर खणणाऱ्याचे आणि जनावरावर स्वार होऊन कुणाला तुडवणाऱ्याचेही असेच. भिंतीला मन नाही, विहिरीला नियत नाही. तरी कायदा थांबत नाही. तो वस्तूला सोडतो आणि वस्तूमागच्या माणसापर्यंत चालत जातो.

चालक नसलेली टॅक्सी ही आजची कललेली भिंतच आहे. ती रस्त्यावर कोणी आणली? ती झुकते आहे हे कोणाला ठाऊक होते? कोणी सांगितले आणि कोणी ऐकले नाही? या दिशेने तपास गेला असता तर 'ओके कॉम्प्युटर' अधिक धारदार झाली असती.

हे केवळ कल्पनेतले नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात उबर कंपनीच्या चाचणीवरील स्वयंचलित गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा जीव घेतला. पुढे काय झाले? कंपनीवर फौजदारी खटला भरला गेला नाही. गाडीत देखरेखीसाठी बसवलेल्या कर्मचारी बाईने २०२३ साली गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची देखरेखीखालची शिक्षा झाली. यंत्र सुटले, मालक सुटला, पगारी नोकर अडकली. आपल्याकडेही चित्र फार निराळे नाही. नव्या भारतीय न्याय संहितेतल्या अपघात करून पळून जाण्याच्या कडक तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चाके थांबवली. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा तेवढे पोटकलम बाजूला ठेवले गेले. चालक म्हणत होते, थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा. मरणारा गरीब आणि मारणाराही बहुधा गरीबच. गाडीचा मालक मात्र या झगड्यात कुठेच दिसत नाही. चालकच उरला नाही तर तो आणखी किती दूर जाईल, हा खरा विज्ञानकथेचा विषय.

जाता जाता आणखी एक तुलना करावीशी वाटते. धुळ्याहून जवळच असलेल्या मालेगावात नासिर शेख यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला. त्यात यंत्रमागावर राबणारा किडकिडीत कामगार सुपरमॅन झाला आणि खलनायक निघाला तो घाण पसरवण्यात आनंद मानणारा. पैसा नव्हता, साधने नव्हती. पण कल्पनेतले संकट आपल्या गल्लीतले असले पाहिजे, हे त्या मंडळींनी नेमके ओळखले होते. 'ओके कॉम्प्युटर'कडे साधने आहेत, बुद्धी आहे, उत्तम नट आहेत. तिचे गोवे मात्र पडद्यासारखे मागे लटकत राहते. त्या रस्त्यावरून रोज पायी जाणारा माणूस तिला फारसा भेटत नाही.

वर्गात बसणारी आमची मुले मोबाइलवर परदेशी विज्ञानमालिका पाहतात. उर्दूत शिकतात, घरी दखनी-अहिराणीच्या मिश्रणात बोलतात आणि परीक्षेपुरते मराठीत लिहितात. या मुलांकडे यंत्रांबद्दलचे प्रश्न भरपूर आहेत. त्यांना उत्तरे देणारी गोष्ट मात्र त्यांच्या रस्त्यावर घडत नाही. आपल्या मराठी मुस्लिम लेखकांनी वेदना पुष्कळ लिहिली, इतिहास लिहिला, आत्मकथने लिहिली. भविष्य मात्र आपण इतरांवर सोडून दिले आहे. इब्ने सफींच्या वाचकांच्या नातवंडांनी अजिंठा चौफुलीवर घडणारी एखादी विज्ञान-जासूसी कथा मराठीत लिहायला काय हरकत आहे? 'ओके कॉम्प्युटर' जरूर पाहावी. तिने जो तपास अर्ध्यावर सोडला, तो पुढे न्यायला आपल्याजवळ कललेल्या भिंतीचा दाखला आहे आणि 'अज्ञात वाहना'चा अनुभवही.